डबीच्या कानात सांगितलेलं नाव

माझ्या बाबांचा अकोल्याच्या भाजी बाजारात गाळा होता. पहाटेपासून दुपारपर्यंत भाव पुकारायचे, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायची, हमालाला हाका मारायच्या, यातच त्यांची उमर गेली. गुडघे बोलायला लागले तेव्हा त्यांनी गाळा दुसऱ्याला चालवायला दिला आणि घरी बसले. पण आवाज काही घरी बसेना. पहिले काही महिने तो सगळा आईच्या वाट्याला आला. कूलरमध्ये पाणी कावून नाही भरलं, दुधाची पिशवी कावून फाटकी घेतली, असं दिवसभर चालायचं. आई फोनवर म्हणायची, बाजार बरा होता, निदान दुपारी उठायचा तरी.

मग त्यांना तापमान सापडलं. कुठल्याशा बियाण्याच्या दुकानदाराने दिवाळीला एक काचेचा तापमापक भेट दिला होता. बाबांनी तो गच्चीवर, पाण्याच्या टाकीला लागून असलेल्या भिंतीवर खिळा ठोकून टांगला. आमचं सगळं गणगोत भाजीपाल्यातलं. बाळापूरकडे काका, हिवरखेडला आत्या, आणखी कुठे कुठे चुलत-मावस. कुणाची वांगी, कुणाची मेथी-पालक, एकाचा झेंडू. त्या सगळ्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. बाबा सकाळी चहाच्या आधी आणि दुपारी ऐन उन्हात गच्चीवर जाऊन आकडा पाहायचे आणि तिथेच उभं राहून ग्रुपवर आवाजातला निरोप टाकायचे.

"राम राम मंडळी. अकोल्यातून बोलून राहिलो. आताच पाह्यलं, त्रेचाळीस हाये. वांग्याले आज सांजच्याले पाणी द्या, दुपारी देऊ नका. हिवरखेडच्या बाईच्या गुडघ्याचं काय झालं, कोणी सांगतलंच नाई. आमच्या शेजारच्याचा कूलर जळला. बरं, ठेवतो."

फोन केल्यासारखं ते शेवटी "ठेवतो" म्हणायचे. त्यावर मग बाळापूरचे काका उत्तर द्यायचे, आत्या गुडघ्याचं सांगायची, कुणी आपल्या झेंडूचा फोटो टाकायचं. दिवसातून दोनदा सगळं घराणं गोळा व्हायचं. मला हे पुरेपूर ठाऊक असायला हवं होतं, पण नव्हतं. मी अमरावतीला एका कॉलेजात संगणक शिकवते, दिवसभर फोन वाजत राहिला तर वर्ग घेता येत नाही म्हणून मी तो ग्रुप केव्हाच मुका करून ठेवला होता. बाबांचे निरोप मी जमले तर रविवारी ऐकायची, तेही पुढे पुढे पळवत.

मार्च संपत आला आणि आईचे फोन वाढले. अकोल्याचं ऊन काय असतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. रस्ते दुपारी ओस पडतात, लोक डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा टाकून बाहेर निघतात. आणि बाबा बरोबर त्याच वेळी वर चढत होते. जिना अरुंद, बाहेरच्या बाजूने, कठडा एकाच अंगाला.

"तुहे बाबा आयकत नाईत माह्यं," आई म्हणाली. "भर दुपारी वर जाऊन राहिले. काल उतरताना डोळ्यापुढे अंधारी आली म्हणे. तू एकदा येऊन समजाव. तुह्यं आयकतात."

मी समजावायला गेले नाही. जाण्यात काही अडचण होती असंही नाही. मूर्तिजापूरमार्गे बसने सकाळी निघालं तर संध्याकाळी परत येता येतं. पण परीक्षा तोंडावर होत्या, आणि खरं सांगायचं तर बाबांना समजावणं हे काम मला नको होतं. ते ऐकून घेतात, मान हलवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करतात. त्यापेक्षा मला एक सोपा उपाय सुचला, जो मला येत होता. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही मुलांना हातात मावतील असे छोटे संगणक हाताळायला देतो. पत्त्यांच्या कॅटाएवढी हिरवी पट्टी, तिला ना पडदा ना कीबोर्ड. तशीच एक मी स्वतःसाठी घेतलेली घरी पडून होती. तिला तापमान मोजणारा तंतू, म्हणजे सेन्सर, जोडायचा, ती अकोल्याच्या गच्चीवर बसवायची, आणि घरच्या वायफायवरून तिनेच आकडा ग्रुपवर टाकायचा. बाबांना वर जायचं कारणच उरणार नाही. मी आईला हे सांगितलं तेव्हा तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंजे तू येऊन राहिली ना?" मी म्हटलं, हो, बसवायला येईन.

कीबोर्ड नसलेल्या संगणकाला वायफाय जोडायचं म्हणजे सगळं आधी करून ठेवावं लागतं. त्याच्या पोटात नखाएवढं मेमरी कार्ड असतं. ते काढून आपल्या लॅपटॉपमध्ये घालायचं, त्यावर एक लहानशी फाइल लिहायची, त्यात घरच्या नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड टाकायचा आणि कार्ड परत बसवायचं. वीज मिळाली की तो जागा होतो, ती फाइल वाचतो, आणि आसपास त्या नावाचं नेटवर्क शोधतो. सापडलं तर जोडला जातो. एक अक्षर चुकलं तर नुसता दिवा मिचकावत बसतो, आणि काय चुकलं हे सांगायला त्याच्याजवळ तोंड नाही.

नाव आणि पासवर्ड बाबांकडून फोनवर घ्यावा लागला. ते भिंतीवरच्या वायफायच्या डब्यासमोर खुर्चीवर चढून उभे राहिले, मागे आई खुर्ची धरून. एकेक अक्षर वाचताना मी विचारायची, मोठं की छोटं, आणि बाबा म्हणायचे, सगळे सारखेच हायेत. शेवटी आईने चष्मा लावून सांगितलं.

एका शनिवारी मी गेले. डबी म्हणजे माझ्या जुन्या जेवणाच्या डब्याचं प्लास्टिकचं झाकणवालं भांडं; त्यात ती हिरवी पट्टी बसवली होती आणि तार बाहेर काढायला मी गरम सुरीने भोक पाडलं होतं. ती मी गच्चीच्या दाराशी, जिन्यावरच्या खोपटात ठेवली आणि तार उत्तरेच्या सावलीत बाहेर सोडली. बाबा शेजारी पाट टाकून बसले होते. डबी जोडली जाईना. दिवा मिचकावत राहिला. मला घाम फुटला, कारण मी बसमधून सगळ्यांना सांगत आले होते की दहा मिनिटांचं काम आहे. मग लक्षात आलं की घरचा वायफायचा डबा दोन नावांनी बोलतो, एक वेगाचं आणि एक साधं, आणि आमच्या डबीला फक्त साधं ऐकू येतं. मी वेगाचं नाव लिहून आणलं होतं. कार्ड काढलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा घातलं.

बाबा हे सगळं फार बारकाईने पाहत होते. त्यांनी विचारलं, याले बटनंच नाईत तर सांगाचं कसं. मी म्हटलं, आधीच सांगून ठेवावं लागतं. ते म्हणाले, "मंजे बारशाले कानात नाव सांगतात तसं." मला ते आवडलं. मी म्हटलं, अगदी तसंच.

"आन घरच्या वायफायचं नाव बदललं तर?"

"तर ही जुन्याच नावाला शोधत बसणार. कुणीतरी येऊन कार्ड काढून पुन्हा सांगेपर्यंत."

"हं," ते म्हणाले.

दुपारी डबीचा पहिला आकडा ग्रुपवर आला. आवाज नाही, राम राम नाही, नुसती एक ओळ: अकोला, तापमान इतकं. काकांनी अंगठा दाखवला, आत्याने हात जोडले. आई इतकी खूश झाली की तिने संध्याकाळी बेसनाच्या पाटोड्यांची भाजी केली. बाबांनी जेवताना म्हटलं, पोरीनं डोकं लावलं. मी रविवारी परतले तेव्हा मला आपण फार चांगलं काम केल्यासारखं वाटत होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात जे झालं त्याला मीच जबाबदार होते, आणि ते करताना मला मजा वाटत होती, हे आठवलं की आजही कान गरम होतात. बाबांना विश्वास बसत नव्हता म्हणून की सवयीने, ते काही दिवस वर जाऊन आपला आकडाही पाहत होते. एका दुपारी त्यांनी निरोप टाकला की डबी कमी दाखवून राहिली, खरं तापमान दोन-तीन अंश जास्त आहे. हिवरखेडच्या माझ्या आतेभावाने विचारलं की मग खरं कोणतं. मी दोन वर्गांच्या मधल्या सुटीत डबीचे आकडे पाहायला ग्रुप उघडला होता. मी ग्रुपवर लांबलचक लिहिलं: टाकीची भिंत ऊन धरते, तिच्यावर टांगलेला तापमापक भिंतीची उष्णता दाखवतो, हवेची नाही, डबीचा तंतू सावलीत, वाऱ्यावर आहे, त्यामुळे डबीचंच बरोबर. वर एक आकृतीही काढून पाठवली. वर्गात मुलांना समजावते तशी.

आतेभावाने लिहिलं, "मंजे मामा इतके दिवस आपल्याले जास्तच सांगून राहिले होते." त्याने पुढे हसरे चेहरे टाकले, त्यात काही वाईट मनात नव्हतं. आणखी दोघांनी हसरे चेहरे टाकले. बाबांनी एक अंगठा दाखवला. त्यानंतर त्यांनी निरोप टाकले नाहीत.

हे मला तेव्हा कळलं नाही, कारण ग्रुप मुका होता आणि मी फक्त डबी पाहत होते. तिचा आलेख माझ्या फोनवर दिसायचा: सकाळी खाली, दुपारी वर, पुन्हा खाली. तो चालू दिसला की मला अकोल्याचं घर ठीक असल्यासारखं वाटायचं. आईला फोन करायचे ते मी आठवड्यातून एकदाच करू लागले. तिने एकदा सांगितलं की बाबा आता सकाळी उशिरा उठतात, चहा झाला की कूलरपुढे बसतात, फोनही मागत नाहीत. मी म्हटलं, बरं आहे, आराम पडतोय. आई म्हणाली, "आराम दिसत नाई मले." मला वर्गावर जायचं होतं. मी म्हटलं, संध्याकाळी बोलू, आणि संध्याकाळी विसरले.

मे महिन्यात एक दिवस आलेख सपाट झाला. डबी बंद. मला वाटलं, वीज गेली असेल. दुसऱ्या दिवशीही तसंच. वाटलं, नेटची वायर कुठेतरी तुटली असेल, वायरवाला येईल. एक फोन केला असता तर समजलं असतं. पण पेपर तपासायचे गठ्ठे आले होते, आणि फोन केला तर आई म्हणणार, येऊन पाहून जा; कारण डबी दुरुस्त करायची तर जावंच लागतं, तिला फोनवरून काही सांगता येत नाही. म्हणून मी फोनच केला नाही. आईचा आला तेव्हा डबीचा विषय काढला नाही. तिनेही काढला नाही. असे बरेच दिवस गेले.

मग एका दुपारी कॉलेजात शेजारच्या काकूंचा फोन आला. बाबा जिन्यात पडले होते. ऊन लागून चक्कर आली, दोन-तीन पायऱ्या घसरत खाली आले, कठड्याला अडकले म्हणून वाचले. दवाखान्यात नेलं आहे, शुद्धीवर आहेत, पण तू ये.

मूर्तिजापूरपर्यंत मला आठवतं ते फक्त खिडकीतून येणारी गरम हवा. पुढच्या सीटवरचा माणूस खिडकी लावा म्हणत होता आणि मी लावत नव्हते. मनात एकच प्रश्न होता, ते वर गेले कशाला. वर जायचं कारणच मी काढून टाकलं होतं ना. आणि मग स्वतःशीच कबूल करावं लागलं की डबी बंद आहे हे मला माहीत होतं, इतके दिवस माहीत होतं.

दवाखान्यात बाबा सलाइन लावून पडले होते. कोपरावर, गालावर खरचटलेलं. डॉक्टरांनी सांगितलं, हाड मोडलं नाही, अंगातलं पाणी फार कमी झालं होतं, दोन दिवस ठेवू. आई बाहेरच्या बाकावर बसली होती. ती मला पाहून रडली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, आली का, जा आत. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

मी आत जाऊन बसले. बाबांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. बऱ्याच वेळाने त्यांनीच विचारलं की माझ्या परीक्षा संपल्या का. मी म्हटलं, संपत आल्या. मग मी म्हटलं, "बाबा, डबी बंद पडली होती ते मले माहीत होतं. मी यायले पाह्यजे होतं. माह्यं चुकलं."

"ते बंद पडली नव्हती," बाबा म्हणाले.

मला समजलं नाही. ते सलाइनच्या नळीकडे पाहत हळूहळू बोलत होते, बाजारातला तो आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"वायरवाला आला होता, वायर बदलायले. त्याले मीच म्हटलं, नाव बदलून दे वायफायचं. पासवर्डही नवा दे. तूच म्हणत होती ना, नाव बदललं का ते शोधत बसते म्हून."

"कावून बाबा?"

त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांना ते मला दाखवायचं नव्हतं, म्हणून त्यांनी मोकळ्या हाताने चादर वर ओढली.

"तुले तिथी फोनात दिसते ना, मशीन बंद झाली तर. आन तिले फोनवरून सांगता येत नाई, यावंच लागते. मले वाटलं, दोन-चार दिवसांत येशीन तू." मग म्हणाले, "तुह्या चांगल्या कामात मी खोडा घातला. आईले सांगू नको. तिले वाटते वायरवाल्यानं केलं."

इतक्या वर्षांत बाबांनी मला कधी "ये" म्हटलं नव्हतं. म्हणायची ही एवढीच वाट त्यांना सापडली होती, आणि तो निरोप मला पहिल्याच दिवशी पोहोचला होता. मी तो वाचूनही उत्तर दिलं नव्हतं. पुढचं त्यांनी तुटक तुटक सांगितलं. मी आले नाही. ग्रुपवर आत्याने विचारलं की अकोल्याचं तापमान कावून येऊन नाही राहिलं. कुणीच उत्तर देईना, तेव्हा ते पुन्हा वर जायला लागले. तापमापक टाकीच्या भिंतीवरून काढून त्यांनी उत्तरेकडे, माझ्या तंतूजवळ टांगला होता, म्हणजे कुणी चूक काढायला नको. त्या दिवशी डोक्याला दुपट्टा बांधायचा राहिला, एवढंच.

त्यांनी तापमापकाची जागा बदलली हे ऐकून मला उठून बाहेर जावं लागलं. बाकावर आईशेजारी बसले. आईने पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. जरा वेळाने तीच म्हणाली, "मीच तुले सांगतलं होतं समजाव म्हून. मले काय माहीत तू मशीन आणशीन." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिलाही आपलं काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं.

मी कॉलेजात रजा सांगितली. बाबांना घरी आणलं. पहिले काही दिवस आम्ही डबीचा विषय काढला नाही. ते कूलरपुढे पडून राहायचे, मी त्यांना पन्हं द्यायची, आई वरण-भात मऊ करून द्यायची. मी ग्रुप बोलता केला आणि मागचे सगळे निरोप, कित्येक महिन्यांचे, स्वयंपाकघरात बसून एकेक करून ऐकले. पळवले नाहीत. त्यात दोनदा त्यांनी माझं सांगितलं होतं. एकदा, की आमची पोरगी कॉलेजात शिकवते, तिले टाइम भेटत नाई. एकदा, की तिनं डबी आणली, मोठं काम केलं. हे दुसरं त्या दुपारच्या आदल्या दिवशीचं होतं, ज्या दुपारी मी आकृती काढून पाठवली.

एका सकाळी बाबाच म्हणाले, ते मशीन पुन्हा चालू कर. मी म्हटलं, राहू द्या ना बाबा. ते म्हणाले, "नाई. जिना आता मले होत नाई. चालू कर, पण ग्रुपवर तिनं नको बोलाले. मले सांगू दे, मी सांगतो पुढं." डबीने आकडा फक्त त्यांच्या फोनवर पाठवायचा, असं मी बदलून दिलं.

नवं नाव कार्डावर लिहायला मी लॅपटॉप उघडला तेव्हा ते म्हणाले, मी टाकतो. वायरवाल्याला त्यांनीच नाव सांगितलं होतं, इंग्रजी अक्षरांत "भाजीबाजार". पासवर्ड म्हणजे गाळ्याचा नंबर आणि पुढे हिवरखेड. मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर उशी ठेवून त्यावर ठेवला. एका बोटाने, प्रत्येक अक्षर शोधत, ओठ हलवत त्यांनी लिहिलं. मध्येच थकून मान मागे टेकली, पुन्हा लिहिलं. मी शेजारी बसले होते आणि मला स्पष्ट दिसत होतं की "बाजार"मधलं एक अक्षर दोनदा उमटलं आहे. बोट जरा जास्त वेळ दाबून राहिलं होतं. मी तिथेच सांगायला हवं होतं. त्यांना वाईट वाटलं नसतं, कदाचित हसलेही असते. पण ग्रुपवरची ती आकृती माझ्या डोळ्यांपुढे आली आणि तोंड उघडेना.

आईने त्यांना गोळी घ्यायला आत बोलावलं. ते भिंत धरत गेले. तेवढ्यात मी ते जास्तीचं अक्षर काढून टाकलं, फाइल जतन केली आणि कार्ड काढून घेतलं. मान वर केली तर आई दारात पाण्याचा गिलास घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं आणि आत वळली.

मी वर जाऊन कार्ड डबीत घातलं, वीज लावली. खाली येईपर्यंत बाबांच्या फोनवर आकडा आला होता. त्यांनी तो मला दाखवला, मग आईला दाखवला. पहिल्याच फटक्यात झालं, म्हणाले. तुह्याच्यानं तर तेव्हा दोनदा करावं लागलं होतं. मी म्हटलं, हो ना. त्यांनी फोन तोंडाजवळ धरला, घसा साफ केला आणि कितीतरी दिवसांनी निरोप टाकला. आवाज बसलेला होता. तापमान सांगितलं, पडल्याचं सांगितलं नाही, आत्याला गुडघ्याचं विचारलं, आणि शेवटी म्हणाले की डबीले नाव आज मी सोता टाकलं, माह्या हातानं. लगेच काकांचं उत्तर आलं, आतेभावाचं आलं. बाबा एकेक उत्तर मोठ्याने वाजवून ऐकत बसले आणि मी भांडी घासायला उठून गेले, कारण तिथे बसून मला ते ऐकवत नव्हतं.

मी हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. त्या फाइलीत आता काय आहे हे कुणी पाहणार नाही. सांगितलं तर त्यांचा आनंद जाईल असं मी स्वतःला म्हणते, आणि हे म्हणताना मला माहीत असतं की आधीही मी अशाच चांगल्या कारणांनी सगळं केलं होतं.

निघायच्या दिवशी आई मला बस स्टँडवर सोडायला आली. एरवी ती येत नाही, बाबांना एकटं ठेवून तर नाहीच. बसला वेळ होता. तिने वाटेसाठी बांधलेली शिदोरी माझ्या पिशवीत नीट आडवी ठेवली, पिशवीची चेन लावली.

"पुढच्या रविवारी ये," ती म्हणाली. "मशीन चालू असली तरी ये."

मी येते म्हटलं. ती बस निघेपर्यंत तिथेच, पदर डोक्यावरून घेऊन उन्हात उभी होती, आणि मी खिडकीतून तिला सावलीत जा म्हणून खुणावत होते.

त्या रविवारी मला पेपर तपासणीच्या केंद्रावर बोलावलं. मी फोन करून सांगितलं. आई म्हणाली, बरं. मी त्याच्या पुढच्या रविवारी गेले.